शंभर यार्डांची पिवळी रेघ

टेपचं शून्याचं टोक माझ्या हातात होतं. शाळेच्या कुंपणाच्या भिंतीला ते दाबून धरायचं आणि सर हाक मारतील तेव्हा सोडायचं, एवढंच माझं काम. टेप तीस मीटरची, लांब उडी मोजायला खेळाच्या खोलीत असायची ती. पी.टी.चे सर रस्त्याच्या कडेने पुढे गेले, टेप ताणली, डांबरावर खडूने खूण केली. मग मी पळत त्या खुणेवर, सर आणखी पुढे. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, हे आदल्या दिवशी गणिताच्या तासाला फळ्यावर करून झालं होतं. म्हणजे तीन टेपा आणि वर दीड मीटरला थोडं कमी. तिथे पिवळ्या ऑइलपेंटने रेघ मारायची आणि तिच्या आत तंबाखूचं एकही दुकान ठेवायचं नाही.

तिसऱ्या टेपेला सर मध्येच थांबले. पानाची टपरी आली होती. ‘बहात्तर,’ सर म्हणाले.

टपरी माझ्या मैत्रिणीच्या वडिलांची होती. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. त्या दिवशी रंगाचा डबा तिच्याच हातात होता, कारण चित्रकलेत तिचा हात चांगला आणि रेघ सरळ यायला हवी होती. तिने डबा खाली ठेवला. तिचे वडील, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणायचो, टपरीतून वाकून म्हणाले, ‘सर, परत मोजा.’ सरांनी परत मोजलं, या वेळी फाटकाच्या दुसऱ्या खांबापासून. एकाहत्तर आलं.

डिसेंबर २०१९. मी आठवीत होते. माण तालुक्यातलं आमचं गाव, आमची शाळा दहावीपर्यंतची. त्या वर्षी शाळा ‘तंबाखूमुक्त’ करायची असं वरून आलं होतं. त्याचे नऊ निकष होते. फाटकावर फलक, आवारात फलक, आवारात थुंकल्याच्या किंवा बिडीच्या थोटकांच्या खुणा नकोत, सहा महिन्यांतून एक तरी कार्यक्रम, तंबाखू मॉनिटर नेमायचे, आणि ही पिवळी रेघ. एकेका निकषाचा फोटो काढून सर मोबाइलवरून अ‍ॅपवर टाकत. रेघेच्या फोटोत मी आहे, टेप धरलेली. माझी मैत्रीण त्यात नाही.

पण मला सांगायचंय ते त्या टपरीवर मी स्वतः किती वेळा गेले होते, तिथून.

आमच्या घरी आज्जी मशेरी लावायची. महिन्यातून एकदा ती परसातल्या चुलीवर जुना तवा ठेवायची, त्यावर तंबाखूची पानं पसरायची आणि काळी होईस्तोवर भाजायची. तो धूर घशात गेला की खोकून खोकून डोळ्यांतून पाणी. आई मला धाकट्याला घेऊन रस्त्यावर पाठवायची. भाजलेली पानं आज्जी हातानेच चुरायची, फडक्यातून चाळायची आणि पितळी डबीत भरायची. पहाटे उठली की डबी उघडायची, डाव्या तर्जनीवर चिमूटभर घ्यायची आणि हिरडीवरून बोट फिरवत बसायची. शेजारच्या दोघी-तिघी यायच्या. गावात कोणाचं काय चाललंय ते मला त्या परसातच कळायचं. मला तो वास आवडायचा, हे आधी सांगून टाकते. आज्जीच्या लुगड्याला, पांघरुणाला तोच वास होता.

पानं आठवडी बाजारात सुटी मिळायची, कागदात बांधून. त्यावर कसलंही चित्र नाही, अक्षर नाही. वडिलांच्या पुडीवर मात्र सडलेल्या तोंडाचं मोठं चित्र असायचं आणि खाली तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा नंबर. वडील चुना लावून तळहातावर तंबाखू मळायचे तेव्हा पुडी उलटी करून मांडीखाली ठेवायचे. आज्जीची मशेरी बाजाराच्या आधी संपली, वडिलांची पुडी संपली, की मला हाक यायची, ‘जा गं पळत, तात्याकडनं पुडी आण.’ उरलेल्या रुपयाची गोळी माझी. पहिलीत होते तेव्हापासून मी जात होते. टपरीच्या पत्र्यावर अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं गुन्हा असल्याचं लिहिलेलं होतं. मी तो फलक जोडाक्षरं वाचायला शिकताना वाचला होता.

आणि चौथीत असताना माझी दाढ दुखत होती. रात्रभर रडले. पहाटे आज्जीने मला मांडीवर घेतलं आणि बोटाने माझ्या दाढेवर मशेरी लावली. घेरी आली, पोटात ढवळलं, मी तिच्या मांडीवरच ओकले. पण दाढ बधिर झाली. दुसऱ्या दिवशी मीच मागितली. चार-पाच दिवस मी रोज लावली आणि शेवटी शेवटी घेरी यायची तीसुद्धा बरी वाटायला लागली होती. आईने पाहिलं आणि ती आज्जीशी पहिल्यांदा मोठ्याने भांडली. मग ते बंद झालं. आज्जीला मी यात दोष देत नाही. तिच्यापाशी जे औषध होतं ते तिने दिलं. तिलाही ते असंच मिळालं होतं. पहिल्या बाळंतपणानंतर सासूने दिलं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

हे सगळं पोटात घेऊन मी शाळेतल्या कार्यक्रमाला बसले होते.

कार्यक्रमाची सुरुवात जूनमध्येच झाली होती. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, पोलीस ठाण्यातून एक साहेब आले. त्यांनी गांजा, एमडी नावाची नशेची पावडर, अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा आणि त्यातल्या शिक्षा सांगितल्या. साहेब मनापासून बोलत होते, पण ते जे सांगत होते ते आमच्यासाठी फार लांबचं, मुंबई-पुण्याचं होतं. भाषण संपल्यावर आम्ही हात पुढे करून शपथ घेतली. मग ऑक्टोबरात व्यसनमुक्ती सप्ताहाची प्रभातफेरी. घोषणा देत आम्ही गावभर फिरलो. फेरी आमच्या घरावरून गेली तेव्हा आज्जी ओट्यावर बसून हिरडीवर बोट फिरवत होती. मला बघून तिने कौतुकाने दुसरा हात हलवला. मी घोषणा देता देता मान फिरवली.

त्याच आठवड्यात ‘नाही म्हणायला शिका’ असं नाटुकलं बसवलं. एक वाईट संगतीतला मुलगा येतो, गुटख्याची पुडी पुढे करतो, चांगला मुलगा ठामपणे नाही म्हणतो. टाळ्या. मी त्यात आईचं काम केलं होतं. मला तेव्हाही वाटायचं आणि आता तर खात्रीच आहे, की ते नाटुकलं अर्धं होतं. मला आयुष्यात कोणी वाईट संगतीतल्या मुलाने पुडी दिली नाही. मला पुडी आणायला माझ्या माणसांनी पाठवलं, लाडाने हाक मारून. त्यांना नाही कसं म्हणायचं हे त्या नाटुकल्यात नव्हतं. ‘जा गं पळत’ याला तेरा वर्षांच्या मुलीने काय उत्तर द्यायचं?

खरी सुरुवात झाली ती दिवाळीनंतर, एका कागदापासून. विज्ञानाच्या मॅडमनी वर्गात एकेक कागद वाटला. नाव लिहायचं नव्हतं. चार प्रश्न होते. घरात कोणी तंबाखू, मशेरी, गुटखा, बिडी वापरतं का? कोण? तुम्हाला आणायला पाठवतात का? तुम्ही स्वतः कधी तोंडात घेतली आहे का? मी पेन हातात धरून बसले. शेजारी मैत्रीण बसलेली, तिचा कागद मला दिसत होता, माझा तिला. मी चारही प्रश्नांना ‘नाही’ लिहिलं. तिनेही लिहिलं. तिच्या बापाची टपरी होती आणि सुट्टीच्या दिवशी गल्ल्यावर तीच बसायची.

मॅडमनी कागद गोळा केले, तिथेच टेबलापाशी उभं राहून एकेक पाहिला. सगळे पाहून झाल्यावर त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘या वर्गात एकेचाळीस मुलं. एकेचाळीस घरांत कोणीही तंबाखू वापरत नाही. महाराष्ट्रात २०१६-१७ मध्ये मोठी पाहणी झाली. त्यात १५ वर्षांवरच्या माणसांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू वापरतात असं आलं. म्हणजे चौघांत एक. आपल्या वर्गात मात्र कोणीच नाही. मग आपल्या शाळेच्या मागच्या भिंतीवर कोण थुंकतं?’

कोणी हसलं नाही. आम्ही सगळे खाली बघत होतो. मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या, वर्गात त्या कधी बसत नसत, आणि म्हणाल्या, ‘माझे वडील तंबाखू खायचे. मी तुमच्याएवढी असताना पुडी मीच आणायचे. त्यांच्या गालाला गाठ आली. मुंबईला टाटा हॉस्पिटलला नेलं. अर्धा जबडा काढला. त्यानंतर दोन वर्षं ते होते, पण भाकरी त्यांना कधी खाता आली नाही. मला अजूनही वाटतं, पुडी मी आणायचे. आता सांगा, मी काही वाईट मुलगी होते का?’

मग त्यांनी तेच कागद परत वाटले, कोणता कोणाचा हे न बघता, आणि म्हणाल्या, ‘मागची बाजू कोरी आहे. लिहायचं असलं तर लिहा. नसलं तर कोरा द्या.’

मी लिहिलं. आज्जी, वडील, पुडी, दाढ, सगळं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं, त्याला पंधरा मिनिटं लागली. मैत्रिणीने कागद कोरा दिला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी फळ्यावर फक्त आकडे लिहिले. एकेचाळीस घरांपैकी एकोणतीस घरांत वापर. बावीस जणांना आणायला पाठवतात. नऊ जणांनी स्वतः कधी ना कधी घेतलेली. त्या नऊंत मी एकटी नाही, हे बघून मला रडू आलं. ते दुःखाचं रडू नव्हतं एवढं मला तेव्हाही कळलं होतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ग्रामीण रुग्णालयातून दातांच्या डॉक्टर आल्या. भाषण नाही, चित्रं नाहीत. त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि म्हणाल्या, ‘तर्जनी, मधलं बोट, अनामिका. तिन्ही एकावर एक उभी धरा आणि समोरच्या दातांच्या मधे घाला. आपलीच बोटं, आपलंच तोंड.’ हसत हसत सगळ्यांनी घातली. माझी गेली. रांगेत शेवटून तिसरा उभा होता त्या मुलाची दोनच बोटं गेली. तो तिसरं बोट ढकलत राहिला. डॉक्टरांनी ते पाहिलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ‘चला, पुढचे’ म्हणाल्या. जेवणाच्या सुट्टीत त्याला बाजूला बोलावलं.

तो मुलगा तंबाखू खात नव्हता. गोड, वासाची सुपारी खायचा, रुपयाची पुडी, दिवसाला सात-आठ. त्याच्या घरच्यांना ते ठाऊक होतं. सुपारीच ती, असं म्हणायचे. डॉक्टरांनी सांगितलं, सुपारीने गालाच्या आतली कातडी पांढरी पडते, चामड्यासारखी ताठ होते, तोंड उघडायचं कमी होत जातं. तिखट सोसत नाही. आणि पुढे त्यात कॅन्सर होऊ शकतो. मला एकदम आठवलं, शाळेच्या खिचडीत मिरची आली की तो ताट बाजूला सारायचा. खिचडीवर पाणी ओतून खायचा. आम्ही त्याला नाजूक म्हणून चिडवायचो. इतक्या दिवसांत आमच्यातल्या कोणी विचारलं नाही की तुला होतंय काय.

तीन बोटांची ती तपासणी मला सगळ्या कार्यक्रमात सर्वांत मोलाची वाटते. तिला खर्च नाही, यंत्र नाही, आणि ती करताना कोणाला वाईट ठरवावं लागत नाही. शक्य असतं तर प्रत्येक शाळेत वर्षातून दोनदा ती करायला मी लावली असती. त्या मुलाने सुपारी सोडली. डॉक्टरांनी त्याला आइस्क्रीमच्या काड्या दातांमधे धरायला दिल्या, दर आठवड्याला एक काडी वाढवायची. तोंड पूर्ववत झालं नाही, पण मिटत जायचं थांबलं. आता तो ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये काम करतो. भेटला की तीन बोटं दाखवतो, जातायत अजून अडीच, म्हणतो.

आणि मग ती रेघ. मला वाटतं, रेघेचं काम आमच्या हातून चुकीच्या क्रमाने झालं. तात्यांशी कोणी आधी बोललंच नाही. एक दिवस आम्ही टेप घेऊन त्यांच्या दारात उभे राहिलो. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री बंद आहे, दुकानाला बंदी नाही. सरांनी तसं त्यांना सांगितलं, की बिस्किटं, वह्या, पेनं ठेवा. तात्या म्हणाले, ‘सर, बिस्किटावर घर चालत न्हाई.’ गुटख्याला तर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तोही त्यांच्याकडे मिळायचा हे सगळ्या गावाला माहीत होतं. चार दिवसांनी टपरी दोरखंड लावून, आठ माणसांनी उचलून रेघेच्या पलीकडे नेली. आम्ही वर्गाच्या खिडकीतून बघत होतो. मैत्रीण बाकावर डोकं ठेवून बसली होती. मधल्या सुट्टीत सातवीची दोन मुलं तिला ‘पुडीवाली’ म्हणाली आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टेप मीच धरली होती म्हणून मला तिच्याशी बोलायची लाज वाटत होती. ती मार्चपर्यंत दुसऱ्या बाकावर बसली. मॅडमनी जसं आम्हाला विचारलं, की मी वाईट मुलगी होते का, तसं कोणीतरी तिलाही सांगायला हवं होतं, आणि ते माझं काम होतं. मी ते तिला चार वर्षांनी, बारावीत, एस.टी.त उभ्याने सांगितलं. ती म्हणाली, ‘मला सुट्टीच्या दिवशी गल्ल्यावर बसायचं नसायचं. टपरी पुढं गेली आणि बापानं मला बसवायचं बंद केलं. गावाच्या नजरेत आलं ना.’

घरी मात्र मी मोठी चूक केली. कागदाची मागची बाजू भरल्यावर मला वाटलं, आता आपण आज्जीची मशेरी सोडवायची. एका दुपारी तिची डबी मी कणग्यामागे लपवली. संध्याकाळपर्यंत ती शोधत राहिली. तिच्या हाताला बारीक कंप सुटला. आईवर ओरडली, धाकट्याला चापट मारली, जेवली नाही. रात्री मी डबी काढून दिली तेव्हा ती रागावली नाही. डबी दोन्ही हातांत धरून म्हणाली, ‘पोरी, माझं एवढंच हाय गं.’ त्या एका वाक्याने मी शपथ, फेरी, घोषणा, सगळं विसरले.

मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, लपवू नकोस, चोरू नकोस, शपथ घालू नकोस. नुसतं मोज. दिवसातून किती वेळा लावते ते तिला विचार आणि तूही मोज. आज्जी म्हणाली, ‘दोनदा. सकाळी अन् संध्याकाळी.’ मी रविवारी दिवसभर मोजलं. सात. पहाटे, चहानंतर, परसाकडला जायच्या आधी, जेवणानंतर, दुपारी पडून उठल्यावर, दिवे लागले की, आणि निजताना. मी दाराच्या चौकटीवर खडूने सात रेघा मारल्या आणि तिला दाखवल्या. ती म्हणाली, ‘व्हय का?’ तिला खरंच माहीत नव्हतं. मशेरी लावली नाही तर पोट साफ होत नाही, असं तिचं म्हणणं. परसातल्या सगळ्यांचंच तेच म्हणणं होतं.

मार्च २०२० मध्ये सगळंच बंद झालं. बाजार बंद, टपरी बंद. दहाची पुडी चोरून चाळीसला मिळायला लागली. आज्जीकडची पानं वीस दिवसांत संपत आली तशी तिने आपणहून कमी केली. मी चौकटीवर रेघा मारत होते. पाच, चार, मग दोन. तिचं डोकं दुखायचं, रात्री उठून बसायची, चिडायची, पोट गच्च व्हायचं. मॅडमनी फोनवर सांगितलं होतं की हे पहिले दोन-तीन आठवडे होणार, कोमट पाणी द्या, तोंडात बडीशेप द्या, आणि तिला एकटं बसू देऊ नका. मी शेजारी बसायचे. पूर्वी परसात बायका बसायच्या तशी. मे महिन्यात सलग नऊ दिवस चौकट कोरी होती.

जूनमध्ये मोठे काका बाजारातून पाव किलो पानं घेऊन आले, आपल्या आईला, म्हणजे आज्जीला, काहीतरी न्यावं म्हणून. चुलीवर तवा चढला. तो वास आला तेव्हा मी माळवदावर जाऊन रडले. पण खाली आले तेव्हा चौकटीवर आज्जीने स्वतः कोळशाने एक रेघ मारली होती. संध्याकाळपर्यंत तीन झाल्या. सातावर ती परत कधी गेली नाही.

पुढच्या वर्षी आशाताई घरी आल्या, तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म भरायला. रक्तदाब, साखर, आणि तंबाखूचा प्रश्न. आज्जीने पदर तोंडावर घेतला आणि म्हणाली, ‘न्हाई बाई.’ अगदी माझ्यासारखं. मी दारात उभी होते. क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, ‘आज्जी, तीनदा. आधी सातदा होतं, आता तीनदा.’ आज्जीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं, आता ही माझ्याशी बोलणार नाही. ती आशाताईंना म्हणाली, ‘लिव्हा. पोरगी मोजती माझं.’

त्या फॉर्ममुळे तिचं तोंड तपासलं गेलं. खालच्या ओठाच्या आत, जिथे ती मशेरी दाबायची तिथे, पुसला न जाणारा पांढरा चट्टा होता. साताऱ्याला जाऊन तुकडा काढला. अहवाल यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत आज्जीने डबीला हात लावला नाही आणि मी तिला काही म्हटलंही नव्हतं. कॅन्सर नव्हता. पेशी बदलायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाल्या, मशेरी बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. घरी आल्यावर मी वडिलांच्या पुडीवरचा तो नंबर फिरवला. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या, आज्जीशी स्वतः बोलल्या, सोडायचा दिवस ठरवायला लावला आणि नंतर परत फोन केला. आज्जीने पोळ्याचा दिवस धरला. पोळा लक्षात राहतो म्हणून. त्यानंतर ती दोनदा घसरली, एकदा लग्नघरात, एकदा काका गेले तेव्हा. दोन्ही वेळा तिने मला स्वतः फोन करून सांगितलं.

वडील अजून खातात. त्यांच्यापाशी माझे शब्द पुरत नाहीत. पुडी मात्र त्यांची तेच आणतात. धाकट्याला कधी पाठवलं नाही, तेवढं त्यांनी मला नववीत कबूल केलं आणि पाळलं.

मी आता साताऱ्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात घरी गेले होते. शाळेपुढच्या रस्त्यावर नवं डांबर पडलंय, रेघ त्याखाली गेली. मी सरांना तसं सांगितलं, ते म्हणाले, जूनमध्ये परत मारू, या वेळी आधी तात्यांना चहाला बोलावतो.

पहाटे उठून परसात गेले. आज्जी आणि शेजारच्या दोघी बसलेल्या होत्या. त्यांच्या डब्या चालू, आज्जीच्या डबीत बडीशेप. एकीची नात, पाच-सहा वर्षांची, गाल धरून कण्हत होती. तिच्या आजीने तर्जनीवर चिमूट घेतली आणि तिला जवळ ओढलं. आज्जीने हात पुढे करून तिचं मनगट धरलं.

‘तिला नगं लावू,’ ती म्हणाली. ‘दाताच्या डॉक्टरकडं ने.’

‘एवढ्या लांब कोण नेतंय?’

आज्जीने माझ्याकडे पाहिलं. नऊ वाजता मी त्या पोरीला स्कूटीवर पुढे उभं करून तालुक्याला घेऊन गेले. खालची डावी दाढ किडली होती. माझी होती तीच.